विज्ञानमालिकांतली समलिंगी नाती: काय पाहावं, काय गाळावं

विज्ञानमालिकेत दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडले की आपली नजर त्या दोघांवरच खिळते. ती जरा बाजूला वळवा. शेजारच्या टेबलावरची माणसं काय करताहेत? वळून बघताहेत, कुजबुजताहेत, की आपापलं जेवताहेत? लेखकाने उभा केलेला समाज तिथे कळतो. घरगुती किंवा पोलिसी मालिकेला भोवतालचा समाज आयता मिळतो. विज्ञानमालिकेला मात्र कायदा, लग्न, वारसा, शिक्षा हे सगळं शून्यापासून रचावं लागतं. म्हणून इथे गुण दिलेत ते त्या रचनेला. प्रेमिकांचा अभिनय कितीही चांगला असला, तरी भोवतालचं जग विचार न करता मांडलेलं असेल तर गुण कापले आहेत. पुढे बहुतेक कथांचे शेवट उघड केले आहेत, कारण या विषयातली निम्मी भांडणं शेवटावरूनच झालेली आहेत. ‘ब्लॅक मिरर’मधला ‘सॅन जुनिपेरो’ पाहिला नसेल, तर तेवढा परिच्छेद सोडून पुढे जा.

सुरुवात ‘स्टार ट्रेक’पासून करणं भाग आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ १९८७ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी डेव्हिड जेरोल्ड यांनी ‘ब्लड अँड फायर’ ही पटकथा लिहिली. एड्सची छाया असलेली साथ आणि जहाजावर एक पुरुष जोडपं, अशी तिची मांडणी होती. ती चित्रित झालीच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मालिकेत ती पडद्यावर आली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ने त्याऐवजी रूपकाचा आडोसा घेतला. परग्रहावरची माणसं, परग्रहावरचे नियम. कोणी आक्षेप घेतला तर आम्ही कुठे काय म्हटलं, असं म्हणायची सोय. ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९९२ च्या जानेवारीत ‘क्वांटम लीप’ने नौदल अकादमीतल्या समलिंगी कॅडेटवर एक भाग दाखवला, तेव्हा जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं होतं.

आडोशाचा पहिला प्रयोग ‘द होस्ट’, सीझन ४, भाग २३, मे १९९१. जहाजावरची डॉक्टर क्रशर ओडान नावाच्या राजदूताच्या प्रेमात पडते. ओडान हा खरं तर यजमान शरीरात राहणारा सहजीवी जीव. शरीर मरतं, जीव तात्पुरता जहाजावरचा अधिकारी रायकर याच्या देहात ठेवतात, आणि क्रशर तिथेही प्रेम निभावते. मग कायमचा यजमान येतो, ती निघते स्त्री. क्रशर थांबते, माणसांना एवढे बदल झेपत नाहीत, कदाचित पुढे कधी झेपतील, अशा अर्थाचं बोलून निरोप घेते. संकोच एका व्यक्तीचा असता तर काहीच हरकत नव्हती. पण इथे तो अख्ख्या मानवजातीच्या नावावर टाकला आहे. चोविसाव्या शतकातल्या डॉक्टरच्या तोंडी १९९१ चं बोलणं आलं आहे.

‘द आउटकास्ट’, सीझन ५, भाग १७, मार्च १९९२. या विषयावरच्या प्रत्येक यादीत हा भाग असतो आणि तो पाहायलाच हवा, पण तो फसतो कुठे हे समजून. जे’नाई नावाची जमात लिंगभेद मानत नाही. स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवणं हा तिथे आजार, आणि त्यावर सक्तीचे मानसोपचार. सोरेन गुपचूप स्वतःला स्त्री समजते, तिचं रायकरवर प्रेम बसतं, ती पकडली जाते. न्यायासनापुढचं तिचं भाषण आजही अंगावर येतं. ‘उपचार करून सरळ करणाऱ्या’ केंद्रांविषयी एवढं थेट बोलणं त्या काळात दुर्मिळ होतं. अडचण पात्रनिवडीत आहे. सोरेनची भूमिका मेलिंडा कुलिया यांनी केली, बाकीचे जे’नाईही स्त्री कलाकारच होते. परिणामी पडद्यावर दिसतं ते पुरुष आणि स्त्रीचं चुंबन, आणि त्याला अडवणारा विचित्र परग्रही समाज. बिनलिंगी हुकूमशाहीविरुद्ध लढणारं शूर स्त्रीपुरुष जोडपं, असा उलटा अर्थही कोणी सहज काढू शकतो. रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स यांनीच पुढे म्हटलं की सोरेनच्या जागी पुरुष कलाकार हवा होता. शेवटी उपचार ‘यशस्वी’ होतो, सोरेन शांतपणे रायकरला नकार देते आणि जहाज निघून जातं. हा शेवट क्रूर म्हणून प्रामाणिक आहे. तरी उपचार खरोखर लागू पडला असंच दाखवल्यामुळे रूपक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतं.

मग ३० ऑक्टोबर १९९५ चा, ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतला ‘रीजॉइन्ड’. चौथ्या सीझनमध्ये काही याद्यांत तो पाचवा असतो, काहींत सहावा. सीझनच्या सुरुवातीचा दुहेरी भाग एक मोजायचा की दोन यावर ते ठरतं. दिग्दर्शन एव्हरी ब्रुक्स यांचं. जाद्झिया डॅक्स आणि लेनारा कान या दोघी ट्रिल, म्हणजे सहजीवी बाळगणाऱ्या. त्यांचे सहजीवी मागच्या यजमानांच्या आयुष्यात पतिपत्नी होते. ट्रिल कायद्यानुसार मागल्या जन्मीच्या जोडीदाराशी पुन्हा नातं जोडायला सक्त मनाई. मोडलं तर हद्दपारी, आणि हद्दपार झालेल्याला पुढचा यजमान मिळत नाही, म्हणजे शेकडो वर्षांच्या आठवणींसह सहजीवी मरतो.

हाच आडोसा इथे का चालतो, आणि ‘द आउटकास्ट’मध्ये का नाही? एक तर मनाईला त्या जगातलं कारण आहे. सहजीवींनी नवे अनुभव घेत जावं, जुन्यात अडकू नये. नियम मूर्खपणाचा वाटत नाही, म्हणून तो मोडण्याला वजन येतं. दुसरं, किंमत स्पष्ट आहे. प्रेक्षकाला ती मोजता येते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: दोघी स्त्रिया आहेत याबद्दल संपूर्ण भागात कोणी एक शब्द उच्चारत नाही. किरा, बशीर, सिस्को हे जाद्झियाचे सहकारी बोलतात ते निषिद्धाबद्दल आणि हद्दपारीबद्दल. १९९५ चा जो प्रेक्षक चुंबनाने दचकला, त्याला कळतं की त्या खोलीत दचकलेला आपण एकटेच आहोत. लेनारा शेवटी निघून जाते. सुखान्त नाही, पण दोघींना हरवतं ते समाजाने घातलेलं भय. नातं खोटं ठरत नाही. चाळीसएक मिनिटांत एवढं नेटकं समाजरचनेचं काम नंतरच्या कित्येक मालिकांना आख्ख्या सीझनमध्ये जमलेलं नाही. याच मालिकेतल्या आरशातल्या विश्वात किराची दुष्ट प्रतिकृती स्त्रीपुरुष दोघांवर जाळं टाकत फिरते. खलनायिका दाखवायची म्हणजे तिची वासना मोकाट सोडायची ही जुनी सवय तिथे जशीच्या तशी आहे. तेवढे भाग गाळले तरी चालतील.

त्याच सुमारास ‘बॅबिलॉन ५’ने इवानोव्हा आणि टालिया या दोन स्त्रियांचं नातं इतकं हलक्या हाताने मांडलं की लक्ष नसेल तर हुकतं. पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे गेलेला हात, एवढंच. टालिया नंतर कथेतूनच बाहेर जाते आणि प्रेमाची कबुली पुढच्या सीझनमध्ये भूतकाळात येते. त्याहून गंमत चौथ्या सीझनच्या ‘रेसिंग मार्स’मध्ये आहे: मार्कस आणि फ्रँकलिन हे दोन पुरुष नवविवाहित जोडपं म्हणून खोट्या ओळखपत्रांवर मंगळावर जातात. कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत, म्हणजे तिथे अशी लग्नं रोजची. एका वाक्याचीही सफाई न देता समाज कसा दाखवावा याचा हा नमुना.

आडोसा उघडपणे फेकला तो २००५ च्या ‘डॉक्टर हू’ने. एक्कावन्नाव्या शतकातला कॅप्टन जॅक हार्कनेस कोणाशीही लगट करतो आणि सीझनच्या शेवटी रोझ आणि डॉक्टर दोघांचंही चुंबन घेऊन लढायला जातो. कौटुंबिक वेळेतला कार्यक्रम, हे ध्यानात ठेवा. पण खरं समाजचित्रण त्यातूनच निघालेल्या, प्रौढांसाठीच्या ‘टॉर्चवुड’मध्ये आहे. पहिल्या सीझनचा बारावा भाग जॅकला १९४१ च्या कार्डिफमध्ये नेतो. तिथे सगळ्यांसमोर दोन गणवेशातले पुरुष एकत्र नाचतात आणि सभागृह थिजतं. २००९ च्या जुलैत सलग पाच रात्री दाखवलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ या ‘टॉर्चवुड’च्याच कथेत जॅकचा सहकारी आणि प्रियकर इयान्टो याला त्याची बहीण जॅकबद्दल विचारते. तो अडखळतो, मेहुणा थट्टा करतो, आणि कोणी घर सोडून जात नाही. परग्रही संकटापेक्षा हे दृश्य जास्त ओळखीचं वाटतं. इयान्टो चौथ्या रात्री मरतो. कार्डिफच्या धक्क्यावर चाहत्यांनी त्याच्यासाठी उभारलेलं स्मृतिस्थळ पुढे बरीच वर्षं टिकून राहिलं.

या मरण्याविषयी सविस्तर बोलायला हवं, कारण मालिका इथेच सर्वाधिक घसरतात.

‘द हंड्रेड’ घ्या. अणुयुद्धानंतरची पृथ्वी, टोळ्या, अन्नटंचाई. नायिका क्लार्कचं आधी एका मुलाशी नातं असतं, मग सेनापती लेक्साशी. कोणीही त्याला नाव देत नाही, कोणी विरोध करत नाही. समाजरचनेच्या कसोटीवर पूर्ण गुण. मग ३ मार्च २०१६, सीझन ३, भाग ७. क्लार्क आणि लेक्सा पहिल्यांदा शय्येवर एकत्र येतात आणि काही मिनिटांतच क्लार्कवर झाडलेली गोळी चुकून लेक्साला लागते. लेक्साच्या मृत्यूला कारणं होती. तिच्या डोक्यातली चिप बाहेर येणं कथेला हवं होतं, आणि अभिनेत्री दुसऱ्या मालिकेत बांधलेली होती. कोणत्या क्षणी आणि कोणत्या तऱ्हेने मारायचं हे मात्र लेखकांच्या हातात होतं. २००२ साली ‘बफी’मध्ये टाराही अशीच, जोडीदारणीशी समेट झाल्या झाल्या, दुसऱ्यासाठीच्या गोळीने मेली होती. ‘बफी’ विज्ञानमालिका नव्हे, पण या प्रेक्षकांना ती पाठ होती. त्यात भर म्हणजे शेवटच्या भागाच्या चित्रीकरणात लेक्साची अभिनेत्री उघडपणे दिसल्याने ती जिवंत राहणार असं चाहत्यांनी धरून ठेवलं होतं. उद्रेक झाला, निर्माते जेसन रॉथेनबर्ग यांना जाहीर दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं, आणि पुढच्या वर्षी लास वेगासमध्ये या जोडीच्या नावावरून बेतलेलं ‘क्लेक्साकॉन’ संमेलन भरलं. कथेतल्या समाजाला या नात्याचं काही वाटत नव्हतं. कथा लिहिणाऱ्यांच्या सवयी मात्र जुन्याच होत्या. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

धडा किती शिकला गेला? ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ने २०१७ मध्ये स्टॅमेट्स आणि कल्बर हे जोडपं आणलं, अँथनी रॅप आणि विल्सन क्रूझ हे दोघेही कलाकार उघडपणे गे. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात ते दोघं शेजारी उभे राहून दात घासत कामाच्या कटकटीवर बोलतात. संबंध दिसतो तो एवढ्यातून, आणि तेवढंच पुरेसं आहे. दहाव्या भागात कल्बरची मान मोडली जाते. निर्मात्यांनी लगेच सांगितलं की गोष्ट इथे संपत नाही, आणि दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात तो, हे जहाज ज्यातून प्रवास करतं त्या अंतराळातल्या बुरशीच्या जाळ्यातून परत आला. पुनर्जन्माची युक्ती ओढूनताणून आहे. नंतरचं लेखन मात्र कौतुकास्पद: नव्या शरीरातल्या कल्बरला जुनं प्रेम आपलं वाटत नाही, तो वेगळा राहायला जातो. दोघं परत एकत्र येईपर्यंत सीझन संपत येतो. पुरुष जोडप्याला ब्रेकअप आणि कंटाळा मिळणं ही प्रगतीच आहे. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘अँडोर’च्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०२५ साली, वेल आणि सिंटा या दोघी बंडखोर पुन्हा जवळ येतात आणि सिंटा सहकाऱ्याच्या हातून चुकून सुटलेल्या गोळीने मरते. पुन्हा चुकलेली गोळी, पुन्हा तोच मुहूर्त. बचावात एवढंच म्हणता येईल की त्या मालिकेत जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि गोळी झाडणाऱ्याला तिचं ओझं आयुष्यभर वाहायला वेल भाग पाडते.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ची चूक वेगळ्या जातीची. गेटा आणि होशी या दोन पुरुष अधिकाऱ्यांचं नातं ‘द फेस ऑफ द एनिमी’ या दहा छोट्या वेबभागांत आहे, डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९. मुख्य मालिका पाहणाऱ्याला ते कळतच नाही. गेटाला मृत्युदंड होतो तेव्हा एक अख्खं नातं आपण पाहिलेलंच नसतं. वेबभाग चौथ्या सीझनच्या मध्यंतरानंतर, पुढचे भाग सुरू करण्याआधी पाहावेत. त्याच विश्वातली ‘कॅप्रिका’ सरस. सॅम अडामा टोळीचा मारेकरी, हातावर गोंदण, घरी नवरा. त्याला शिव्या पडतात त्या स्थलांतरित टॉरन असल्याबद्दल. ‘द एक्सपान्स’ हेच आणखी दमदारपणे करते: तिथे द्वेष वाटला गेलाय तो पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात, कोण किती गुरुत्वाकर्षणात वाढलं यावर. तिसऱ्या सीझनमधली धर्मोपदेशक अ‍ॅना, तिची पत्नी आणि मुलगी, पाचव्या सीझनमधलं ड्रमरचं अनेक जोडीदारांचं कुटुंब, हे तिथे बातमीचे विषय नाहीत. अशी ‘कोणालाच काही वाटत नाही’ दुनिया पटते, कारण लेखकाने माणसांचा दुष्टपणा कमी केलेला नाही, त्याची जागा बदललेली आहे. ज्या मालिका सगळाच द्वेष पुसून टाकतात त्या गुळगुळीत होतात.

‘द ऑरव्हिल’ने उलटं टोक धरलं. मोक्लन ही जवळपास सर्व पुरुषांची जमात. स्त्री जन्मली तर शस्त्रक्रिया करून तिला पुरुष करतात. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात बोर्टस आणि क्लायडन यांची मुलगी टोपा जन्मते, खटला होतो, आणि शस्त्रक्रिया होतेच. धक्का बसतो तो इथे, कारण विनोदी मालिकेकडून आपण सुटकेची अपेक्षा करतो. दुसऱ्या सीझनमधला ‘डिफ्लेक्टर्स’ हा ‘द आउटकास्ट’चा चोख वारसदार: लोकार हा मोक्लन पुरुष स्त्रियांवर प्रेम करतो आणि तिथे तोच गुन्हा. २०२२ मधला ‘अ टेल ऑफ टू टोपाज’ आधीचे भाग पाहिल्याशिवाय पाहू नका, त्याचा सारा जोर साठवलेल्या पाच वर्षांत आहे. मालिकेने राजकारणही नीट जोडलंय. मोक्लनांचा ग्रह मोक्लस शस्त्रं पुरवतो, म्हणून युनियन, म्हणजे ग्रहांचा संघ, त्यांच्या अत्याचारांकडे काणाडोळा करते. गुण कापले ते एका गोष्टीसाठी. समलिंगी विवाह जिथे सर्वमान्य आहे असा या विश्वातला ठळक समाज कोणता, तर स्त्रीद्वेष्टा आणि जुलमी. इरादा तसा नसेलही, पण चित्र तेच उरतं.

धर्मांध राजवट प्रसवक्षम स्त्रियांना मुलं जन्माला घालायला जुंपते त्या ‘द हँडमेड्स टेल’बद्दल थोडक्यात: पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात एमिलीच्या प्रेयसीला फाशी होते, एमिली प्रसवक्षम म्हणून जिवंत ठेवली जाते आणि तिच्या शरीरावर शस्त्र चालवलं जातं. हिंसा झेपत नसेल तर हा भाग टाळा. सत्तेला इथे माणसाचं प्रेम दिसत नाही, गर्भाशय दिसतं. आणि त्या हिशोबात मालिका कुठेही चुकत नाही.

‘सॅन जुनिपेरो’, ‘ब्लॅक मिरर’ सीझन ३, भाग ४, ऑक्टोबर २०१६. तासाभराचा, स्वतंत्र. १९८७ च्या एका किनारी शहरात बुजरी यॉर्की आणि बिनधास्त केली भेटतात. शहर हे संगणकातलं आहे. जिवंत म्हाताऱ्यांना तिथे आठवड्याला पाच तास मिळतात, मेलेल्यांना कायमचा मुक्काम. खरी यॉर्की चाळीसहून अधिक वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. एकविसाव्या वर्षी आईवडिलांना स्वतःबद्दल सांगितलं, भांडण झालं, गाडी रस्त्यावरून उतरली. तिला मरायचं आहे, आणि इच्छामरणाला तीन सह्या लागतात: डॉक्टरची, रुग्णाची, कुटुंबीयाची. धार्मिक कुटुंब सही देत नाही. म्हणून काळजीवाहक ग्रेगशी कागदोपत्री लग्न ठरतं, आणि केली म्हणते, मीच करते. कायद्याची एक अट कथेला पुढे ढकलते, आणि त्याच अटीतून जुना समाज आणि नवा समाज दोन्ही दिसतात. चार्ली ब्रूकर यांनी आधी स्त्रीपुरुष जोडपं योजलं होतं, मग बदललं. १९८७ मध्ये ज्यांना लग्न करताच आलं नसतं त्यांना ते इथे मिळतं. या भागाला दोन एमी पुरस्कार मिळाले. याच मालिकेचा २०१९ मधला ‘स्ट्रायकिंग वायपर्स’ दोन मित्रांना आभासी खेळात प्रेमात पाडतो आणि बाहेर आल्यावर प्रश्नापासून पळतो. तो सोडला तरी काही बिघडत नाही.

‘द लास्ट ऑफ अस’चा तिसरा भाग, २९ जानेवारी २०२३, सव्वा तासाचा. बुरशीच्या साथीने जग संपलं आहे. बिल तारा, सापळे आणि बंदुका लावून एकटा गावात राहतो आणि २००७ मध्ये फ्रँक त्याच्या खड्ड्यात पडतो. पुढची सोळा वर्षं: भांडणं, रंगवलेली घरं, बंदुकीच्या बदल्यात मिळालेल्या बियांची स्ट्रॉबेरी, आजारपण. मूळ व्हिडिओ गेममध्ये फ्रँक कडवट चिठ्ठी ठेवून मेलेला सापडतो. लेखक क्रेग मेझिन आणि दिग्दर्शक पीटर होर यांनी ते पूर्ण उलटवलं. निक ऑफरमन यांना एमी मिळालं ते योग्यच. मर्यादा एवढीच की नाक मुरडायला इथे समाजच उरलेला नाही. बिल मोकळा होतो तो सगळे मेल्यावर, आणि मालिका त्याकडे फार वेळ बघत नाही. सुरुवातीची काही मिनिटं जोएल आणि एली या मालिकेच्या मुख्य पात्रांची आहेत. आधीचे भाग पाहिले नसतील तर ती थोडी अंधुक वाटतील, पुढचं सगळं आपोआप समजतं.

नव्याने सुरू करणाऱ्याने ‘रीजॉइन्ड’, ‘सॅन जुनिपेरो’ आणि बिल-फ्रँकचा भाग या क्रमाने तीन संध्याकाळी पाहावेत, मग ‘द आउटकास्ट’. आधी ‘रीजॉइन्ड’ पाहिलेला असला की त्याचे दोष चटकन दिसतात. मोठी मालिका हवी असेल तर ‘द एक्सपान्स’, पण पहिले चार भाग धीर धरून. ‘सेन्स८’ भावनेच्या बाजूने सर्वांत उदार आहे: नोमी ही ट्रान्स स्त्री आणि ती साकारणारी जेमी क्लेटन स्वतः ट्रान्स, आई तिला जुन्याच नावाने हाक मारत राहते, आणि रुग्णालय तिच्या मेंदूवर चाकू चालवायला टपलेलं, तिकडे मेक्सिकोत लिटो या नटाचं, तो गे असल्याचं गुपित फुटतं आणि अभिनयाची कामं बंद होतात. कथानकाची वीण सैल आहे. मालिका २०१७ मध्ये बंद केली, चाहत्यांच्या रेट्याने ८ जून २०१८ ला अडीच तासांचा समारोप आला. तो घाईत गुंडाळलेला आहे, तरी तो पाहिल्याशिवाय मालिका अर्धवट राहते, तेव्हा सुरू केलीत तर त्याचा वेळ धरूनच करा.